सत्त्याहत्तर पावलं

माझं एक पाऊल 65 सेंटिमीटर भरतं. गेल्या वर्षी मार्चमधल्या एका रविवारी पणजीतल्या पाटोच्या फूटपाथवर खडूने रेघा मारून, शिवणकामाची टेप लावून आम्ही सगळ्यांनी आपापली पावलं मोजली, तेव्हा हे कळलं. 50 मीटर जायला मला 77 पावलं लागतात. आमच्यातली सगळ्यांत धाकटी तेव्हा नऊ वर्षांची होती, तिला 104 लागली. उभी हयात मिठागरांच्या बांधांवर गेलेल्या रायबंदरच्या काकांना 70. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत. 50 मीटरच का, ते पुढे येईल.

आम्ही पणजीत पाण्याच्या कडेने चालतो. दर रविवारी. तीन वर्षं होऊन गेली. गटाला नाव नाही, वर्गणी नाही. कधी पाच जण असतो, कधी वीस-बावीस. फोंतेनीश या जुन्या वस्तीत सगळा जन्म काढलेल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना लहानथोर सगळेच टीचर म्हणतात. बँकेत नोकरी करणारा एक मुलगा आहे, गळ्यात दुर्बीण घालून येतो आणि पक्ष्यांची नोंद ठेवतो. ती धाकटी आणि तिची आई. काका. आणि मी. बाकीचे येऊन-जाऊन असतात आणि त्यांनी तसंच यावं-जावं असं आम्हाला वाटतं, कारण एकदा जरी एखादा माणूस मळा नावाच्या वस्तीतून मांडवी नदीपर्यंत खाडीच्या काठाने चालत आला, तरी पुढच्या वेळी गाडीतून जाताना त्याची मान तिकडे वळते. हे मी पाहिलंय.

चालायची वेळ मात्र दर आठवड्याला बदलते, कारण ती पाण्यावर ठरते. माझी आजी मांडवीतल्या चोडण बेटावरची. तिचं घर खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधापासून हाकेच्या अंतरावर. घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण तिचा भरवसा तिथीवर. अमावास्या-पौर्णिमेला सकाळी अकराच्या सुमारास भरती. तिथून रोज पाऊण तास, जरा जास्तच, पुढे ढकलायचं. अष्टमी आली की त्याच अकराला सुकती. मराठीत आपण ओहोटी म्हणतो, पण आमच्याकडे नदीकाठी सगळ्यांच्या तोंडात कोकणी शब्दच, सुकती. ओहोटी म्हटलं की मला मागे जाणारं पाणी दिसतं, आणि सुकती म्हटलं की त्या पाण्याखालून वर आलेला चिखल. आम्हाला चालायला तो चिखल उघडा लागतो. म्हणून गटावर निरोप जातो तो असा: रविवारी तृतीया, सुकती सातला, मळ्यात भेटू. नव्या माणसाला वाटतं काहीतरी धार्मिक कार्यक्रम आहे. दोन-तीन रविवार झाले की तोही तिथीच विचारू लागतो.

मांडवीच्या मुखाशी उधाणाच्या दिवसांत भरतीची आणि सुकतीची पातळी यांत सव्वादोन मीटरच्या आसपास फरक पडतो. उंच माणूस उभा बुडेल एवढं पाणी दिवसातून दोनदा शहराच्या पोटात शिरतं आणि दोनदा बाहेर पडतं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत हा फरक बराच कमी असतो. मी पणजीत वाढले, शिकले, इथेच नोकरीला लागले, आणि हे पाणी नेमकं कुठून आत येतं नि कुठवर जातं हे मला पन्नाशीला टेकेपर्यंत माहीत नव्हतं. कदंबांच्या काळच्या लेखात या गावाचं नाव 'पहजनीखळी' असं येतं. खळी म्हणजे खाडी. गावाच्या नावातच खाडी होती, आणि आम्ही गाव म्हटलं की चर्चच्या पांढऱ्या पायऱ्या आणि अठरा जून रस्ता डोळ्यांसमोर आणत होतो.

आमची पहिली वाट मळ्यातून सुरू होते, फोंत फेनिशच्या झरीपासून. अल्तिनोच्या डोंगरात मुरलेलं पाणी पायथ्याशी बाहेर येतं, आणि याच झरीवरून फोंतेनीशला नाव मिळालं. तिथून खाडीच्या कडेने, रुअ द ओरें रस्त्याने, रंगीत घरांची रांग डाव्या हाताला ठेवून आपण पाटोच्या पुलाकडे जातो. पर्यटक त्या घरांचे फोटो काढतात. फोटो काढताना त्यांची पाठ खाडीकडे असते. त्यांना दोष देत नाही, घरं सुंदरच आहेत. पण टीचर दर वेळी एखाद्या फोटो काढणाऱ्याच्या खांद्याला हळूच हात लावतात आणि म्हणतात, "बाळ, एकदा इकडे पण बघ." आणि तो बघतो.

बघण्यासारखं काय असतं? सुकतीला खाडीचा उतार उघडा पडतो. काळा, मऊ, तेलकट चमक असलेला चिखल. आधी तो रिकामा वाटतो. दोन मिनिटं न हलता उभं राहिलं की हळूहळू भोकांतून चिमुकले खेकडे बाहेर येतात, नरांची एक नांगी अंगापेक्षा मोठी, ती वर-खाली करत असतात. मग निवट्या दिसतात, बोटाएवढा मासा, डोळे डोक्यावर, परांच्या आधाराने चिखलावर सरपटत जातो, मधेच उडी मारतो. आणि सगळीकडे तिवराची, म्हणजे खारफुटीतल्या एका झाडाची, श्वासमुळं. पेन्सिलीएवढी, सरळ वर आलेली, टोकाशी बोथट. एकदा धाकटीने पट्टीने फूटभर चौकोन आखला आणि त्यातली मुळं मोजली. 41 निघाली. एका मुळाला मी बोटाने हात लावून पाहिला. बुचासारखं लागतं, आणि अंगावर बारीक बारीक छिद्रं असतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाड ही मुळं वर काढून त्या छिद्रांतून हवा घेतं. भरतीला ती बुडतात, सुकतीला पुन्हा उघडी होतात. पान तोडून जिभेला लावलं तर खारट लागतं, कारण हे झाड नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. सकाळी उन्हात पान धरलं तर मिठाचे कण दिसतातही. काकांनी हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा बँकेतल्या मुलाने एकामागून एक पाच पानं चाटली.

काका या गटात कसे आले, तेही सांगायला हवं. पहिल्या वर्षी आम्ही रायबंदरच्या जुन्या सेतूवरून चालत होतो. हा सेतू पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काउंटच्या कारकिर्दीत 1633-34 मध्ये बांधला, पणजी ते रायबंदर, तीन किलोमीटरहून लांब. आजही त्यावरून बस धावते. पणजीहून निघालं की डाव्या हाताला मांडवी आणि उजव्या हाताला जुनी मिठागरं, आता बरीचशी पडीक, कडेकडेने खारफुटी वाढलेली. पहाटे तिथे शेकाट्यांचे थवे उतरलेले असतात, लाल काटक्यांसारख्या पायांवर. आम्ही थांबून पक्षी बघत होतो, आणि सायकलवरून जाणारे एक गृहस्थ थांबले. त्यांनी आमची दुर्बीण बघितली नाही, खाली सेतूच्या पोटाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "हें उदक खंय वतलें, सांग पळोवया?"

हे पाणी कुठे जाईल, सांग बघू. आम्हा कोणालाच सांगता येईना. तेव्हा त्यांनी सायकल कठड्याला टेकवली आणि आम्हाला सगळं दाखवलं. सेतूखाली कमानी ठेवल्यात, त्यांतून भरतीचं पाणी पलीकडच्या आगरात जातं. तिथून ते एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात, उन्हात तापत, दाट होत जातं, आणि शेवटच्या उथळ कप्प्यांत मीठ धरतं. त्या कप्प्यांचा तळ आधी पायांनी मळून, दाबून घट्ट करावा लागतो, नाहीतर मिठात चिखल येतो. पावसाळ्यानंतर बांध दुरुस्त करायचे, हिवाळ्यात तळ मळायचा, मग मे संपेपर्यंत लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढायचं. हे सांगताना ते डांबरी रस्त्यावर चप्पल काढून उभे राहिले आणि टाच आधी, मग तळवा, असा तळ कसा मळायचा ते करून दाखवलं. त्या पायांकडे मी बराच वेळ बघत राहिले. पुढच्या रविवारी ते आपणहून आले.

काकांमुळे मला माझी आजी नव्याने कळली. चोडणच्या खाजनाला जी मानस होती, म्हणजे बांधातलं लाकडी फळ्यांचं दार, ते भरतीच्या रेट्याने आपसूक मिटायचं आणि सुकतीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडायचं. आत पावसाळ्यात कोरगुट भात, खारेपणा सोसणारं. भात कापून झालं की त्याच पाण्यात मासे, सुंगटां म्हणजे कोळंबी. बांधाला लागून खोलगट तळी, तिला पोंय म्हणत. समुद्राच्या पातळीहून खाली असलेल्या या जमिनी गोव्यातल्या गावकऱ्यांनी माती, पेंढा आणि चिरे यांच्या बळावर शतकानुशतकं पिकत ठेवल्या. आजी रात्री मधेच उठून कंदील घेऊन मानशीकडे जायची, हे मला लहानपणी भीतीदायक वाटायचं. ती दार नीट मिटलंय का ते बघायला जात होती. एका रात्री फळी अडकली तर सगळ्या गावाच्या भातात खारं पाणी. मला हे तिला विचारायचं राहून गेलं. चोडणला अजून जाते, रायबंदरहून फेरीबोटीने. तिथल्या 1.78 चौरस किलोमीटरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात शहरातून माणसं येतात, खारफुटीतून होडीने फिरतात. बांधाकडे फारसं कोणी जात नाही.

नदीची आणि माझी ओळख मात्र फेरीच्या धक्क्यावर झाली. 5 जुलै 1986 ला मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा मी बारा वर्षांची होते. माणसं गेली. गावात कित्येक दिवस दुसरं बोलणं नव्हतं. माझे बाबा म्हापशाला कामाला होते. त्या दिवसापासून 1992 मध्ये नवा पूल होईपर्यंत ते रोज बेतीची फेरी पकडून जायचे-यायचे. संध्याकाळी मी आणि आई धक्क्यावर उभ्या राहायचो. भर पावसात म्हादईचं, म्हणजे मांडवीचंच, पाणी वरून लाल माती घेऊन यायचं, त्यात झाडांच्या फांद्या, नारळ, कधी मेलेली गाय. फेरी तिरकी होऊन, प्रवाहाशी झोंबत यायची, आणि आई एकही शब्द न बोलता माझा हात घट्ट धरून ठेवायची. बाबा उतरले की तिची पकड सुटायची. नदी म्हणजे काय ते मला त्या हातातून कळलं. 27 जानेवारी 2019 ला अटल सेतू खुला झाला, 5.1 किलोमीटर लांब, नदीवरून तारांवर तोललेला. त्याचा उपयोग मी रोज घेते. त्यावरून नदी दिसते, वास येत नाही.

जेटीपासून मिरामारपर्यंतचा मांडवीचा काठ सगळ्यांना माहीत आहे, त्यावर मी फार वेळ घालवणार नाही. जुनं सचिवालय, शेजारी आबे फारियाचा पुतळा, रामचंद्र पांडुरंग कामतांनी 1945 मध्ये घडवलेला. पुढे फेरी, बाजार, कांपाल, गोकुळाष्टमीची फेरी, म्हणजे जत्रा, भरते तो रस्ता. रात्री कॅसिनोच्या बोटींच्या दिव्यांनी पाणी निळं-जांभळं होतं, आणि मला ते बघवत नाही. पण कला अकादमीपाशी मी दर वेळी थांबते. 1983 मध्ये उभ्या राहिलेल्या या वास्तूत चार्ल्स कोरियांनी अशी वाट ठेवली की रस्त्यावरून आत आलेला कोणीही माणूस, तिकीट न काढता, छताखालून चालत थेट नदीपाशी पोचावा. मी कॉलेजात असताना तिथे बसून परीक्षेचा अभ्यास केलाय. शहराने नदीकाठी काय बांधावं, हे मला त्या एका वाटेने शिकवलं.

आता 50 मीटरची गोष्ट.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, पाटोच्या मागच्या अंगाला, खाडीच्या एका फाट्याशी आम्हाला भराव दिसला. आदल्या रविवारी तिथे काही नव्हतं. दोन-तीन टिपर भरेल एवढा ढीग, खारफुटीच्या आत ढकललेला. चिऱ्यांचे तुकडे, प्लास्टरच्या गोण्या, वाकलेल्या सळ्या. खालची श्वासमुळं पार दबली होती. ढिगाच्या कडेला टीचरना एक टाइल मिळाली, जुन्या पद्धतीची, पिवळ्या-तांबड्या नक्षीची. फोंतेनीशमधल्या घरांतून असायची तशी. त्यांनी ती पदराने पुसली आणि खूप वेळ हातात धरून उभ्या राहिल्या. कोणाचं तरी घर पाडलं होतं आणि त्याच घराने खाडी बुजवायला घेतली होती. "मारियाच्या स्वयंपाकघरात अशीच होती," एवढंच म्हणाल्या.

पहिलं वर्षभर आम्ही चालताना प्लास्टिक गोळा करायचो. अजूनही करतो. पण पुढच्या भरतीला ते परत येतं, आणि भराव कोणत्याही पिशवीत मावत नाही. तेव्हा सोमवारी मी रजा टाकली आणि एका कार्यालयात गेले. तिथे विचारलं, चलता नंबर काय? शहराच्या भूमापनात प्रत्येक तुकड्याला चलता नंबर असतो आणि तो कोणत्या पी. टी. शीटवर आहे तेही सांगावं लागतं, हे मला माहीत नव्हतं. जागा रोज डोळ्यांसमोर असून तिचं कागदावरचं नाव मला ठाऊक नव्हतं. नकाशा मिळवला, नंबर शोधला, अर्ज लिहिला. दुसऱ्या कार्यालयात सांगितलं, हे आमच्याकडे येत नाही. तिसऱ्या ठिकाणी एका माणसाने फोटो बघितला आणि म्हणाला, तिथे चार झाडं आहेत, त्याला कोणी कांदळवन म्हणत नाही.

हे वाक्य ऐकून मी घरी आले आणि जेवले नाही. मग बँकेतल्या मुलाने 2011 ची किनारपट्टी नियमनाची अधिसूचना वाचून काढली. त्यात कांदळवनाचं क्षेत्र 1000 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर भोवती 50 मीटरचा संरक्षक पट्टा ठेवायचा, असं आहे. गोव्यातल्या खाजन जमिनींसाठी तर वेगळी तरतूद आहे, तिथे विकासकाम नको आणि तिथली खारफुटी राखायची. म्हणजे आम्हाला दोन गोष्टी दाखवायच्या होत्या. झाडं किती जागेत आहेत, आणि भराव त्यांच्यापासून किती अंतरावर आहे. आमच्याकडे मोजणीचं यंत्र नव्हतं. पाय होते.

म्हणून तो खडू आणि ती टेप. पावलं मोजून झाल्यावर सुकती पूर्ण होण्याची वाट बघत आम्ही पुलाच्या कट्ट्यावर बसलो. मग नऊ जण खारफुटीच्या कडेने चाललो, मोठ्याने आकडे म्हणत. लांबीकडून मला 62 पावलं लागली, रुंदीकडून 44. म्हणजे 40 मीटर आणि साडेअठ्ठावीस मीटरच्या जरा वर, सुमारे 1150 चौरस मीटर. काकांनी आपली पावलं वेगळी मोजली आणि त्यांचा आकडा आमच्या जवळपास आला. भरावाची सगळ्यांत दूरची कड शेवटच्या झाडापासून माझ्या 31 पावलांवर होती. 20 मीटर. 77 पावलं चालून गेल्यावर मी जिथे थांबले तिथे वळून पाहिलं, तर सगळा ढीग, सगळी टिपरची चाकोरी, माझ्या आणि झाडांच्या मधे होती. धाकटीने वहीत आकृती काढली, टीचरनी तिच्याखाली सुवाच्य अक्षरात तारीख, तिथी आणि सुकतीची वेळ लिहिली.

तो कागद आणि फोटो घेऊन आम्ही पुन्हा त्याच दारांत गेलो. एकेकटे नाही, सहा जण. हातात मोजलेलं अंतर असलं की समोरचा माणूस वेगळ्या सुरात बोलतो, हा अनुभव मी आयुष्यात पहिल्यांदा घेतला. एप्रिलमध्ये सरकारी मोजणीदार आले. त्यांचा आकडा आमच्यापेक्षा थोडा कमी आला, पण हजाराच्या वरच होता. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, यंत्र लावून भराव काढायला घेतला. निम्मा निघाला. उरलेला तिथेच आहे. मधला एक मोठा तिवर वाळून गेला, त्याच्या फांद्या अजून तशाच उभ्या आहेत, त्यावर पाणकावळा पंख पसरून बसतो. उरलेल्या भरावासाठी आमचे अर्ज चालूच आहेत, आणि ते मिटेपर्यंत चालू राहतील.

एवढ्याशा जागेसाठी एवढा खटाटोप का, असं मला नात्यातल्या एकाने विचारलं. त्याचं उत्तर मळ्यात राहणारा कोणीही देईल. पाऊस आणि उधाण एका वेळी आलं की खाडीच्या तोंडाशी मांडवीचं पाणी उभं राहतं, आतलं पाणी बाहेर जाऊ शकत नाही. सुकती लागेपर्यंतचे ते काही तास पावसाच्या पाण्याला कुठेतरी थांबावं लागतं. खाडीचे फाटे, खाजनं, खारफुटीतला चिखल, ही ती थांबायची जागा. ती भरून टाकली की पाणी लोकांच्या घरात, उंबऱ्याच्या आत येऊन थांबतं. काकांनी पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न हाच होता. 2019 च्या सरकारी मोजणीत गोव्यातली सगळी मिळून खारफुटी 26 चौरस किलोमीटरच्या आसपास होती. त्यात पणजीच्या वाट्याला आलेला हा तुकडा किती छोटा, आणि त्याला किती काम.

एक गोष्ट मला मनापासून कबूल करायची आहे. मी सांतिनेजला राहते. आमच्या इमारतीच्या मागून सांतिनेजची खाडी जाते, ताळगावच्या शेतांकडून तीनेक किलोमीटर वळणं घेत येऊन ती कांपालला मांडवीला मिळते. सगळे तिला नाला म्हणतात. स्वयंपाकघराची त्या बाजूची खिडकी मी दहा वर्षं बंद ठेवली होती, वासामुळे. सांडपाणी तिच्यात सोडलं गेलं, कडेने भिंती उठल्या, आणि आमच्यासारख्यांनी खिडक्या लावून घेतल्या. टीचरना तिच्यातून नारळ घेऊन येणारी होडी आठवते. तिच्या काठाने सलग चालताच येत नाही, दर शंभर पावलांवर कोणाचं तरी कुंपण. तरी आम्ही जमेल तेवढी चाललो. एका सांडपाण्याच्या पाइपवर खंड्या बसलेला दिसला, निळाशार, खाली बघत. तो कशाच्या आशेने बसला होता कोण जाणे, पण पाण्यात काहीतरी हललं असणार, कारण त्याने सूर मारला आणि चोचीत चांदीसारखं काही घेऊन वर आला. त्या संध्याकाळी मी खिडकी उघडली. वास येतो. उघडीच ठेवलीय. बंद खिडकीमागून मी कोणत्या तोंडाने अर्ज लिहिणार होते?

आमच्या वहीत आता तीन पावसाळ्यांच्या नोंदी आहेत. ओरेंच्या खाडीतल्या एका जुन्या पायरीवर उधाणाचं पाणी कुठवर आलं, कोणत्या पाइपातून फेस येत होता, शेकाट्या किती, कोणत्या फाट्याचं तोंड बुजलं. यातलं बरंचसं कोणालाच लागणार नाही कदाचित. पण पुढे कधी कोणी म्हणालं की इथे पाणी येतच नव्हतं, तर तारखेसकट दाखवायला आमच्याकडे पायरी आहे.

यंदाच्या जूनमध्ये उरलेल्या भरावाच्या अगदी कडेला एक कांदळाची शेंग रुतलेली दिसली. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, त्याची हातभर लांब हिरवी शेंग होते, आणि ती गळून पाण्याबरोबर तरंगत जाते, चिखल मिळेल तिथे उभी राहते. ही कुठून आली सांगता येत नाही, कदाचित चोडणकडून, सुकतीच्या पाण्याबरोबर. तुटक्या प्लास्टरच्या दोन ढेकळांमधे उभी होती. गेल्या रविवारी तिला चार पानं होती. काकांनी बसून, बोटांनी भोवतीचे खडे बाजूला केले. त्यांना उठायला हात द्यावा लागला.

म्हणून परत खडू काढला. पाऊल सगळ्यांचं बदलतं, आकडे जुने ठेवून चालणार नाही, असं टीचरनी ठरवलं. धाकटीची पावलं 104 वरून 93 वर आली, ती आता मला खांद्याला लागते. काकांची 70 वरून 81 वर गेली. ते ऐकून त्यांनी पुन्हा एकदा मोजायला लावलं, पुन्हा 81. माझी 77च. वहीच्या पहिल्या पानावर जुने आकडे खोडले नाहीत, शेजारी नवे लिहिले, तारीख घालून.

येत्या रविवारी पौर्णिमेनंतरची तृतीया आहे. सुकती सातला. मळ्यात भेटू, झरीपाशी. काका सायकलने येतो म्हणालेत.